बेडस्पेस

शारजात, रोला चौकामागच्या गल्लीत,
लॉन्ड्री आणि करक चहाच्या टपरीमध्ये दाबून बसवलेलं
आमचं टायपिंग सेंटर.
कॉम्प्युटर जुना. मेमरी चार जीबी.
कुंजुमोन शेठ म्हणतो, फॉर्म भरायला किती लागते रे?
त्याला कोण सांगणार,
हल्ली एक साधं पान उघडलं
तरी ते चुलत्या-मावश्यांसकट उतरतं,
सरकती चित्रं, तीन भाषा,
कोपऱ्यात एक हसरी बाई, काय मदत करू विचारणारी,
आणि विचारता विचारताच दीडशे एमबी गिळणारी.

साडेआठला माझ्या ब्राउजरमध्ये एकवीस टॅब.
एकेक टॅब म्हणजे बाकावरचा एकेक माणूस.
कुणाचा व्हिसा, कुणाचं मेडिकल,
कुणाला फक्त दंड किती चढला ते बघायचंय,
तेही हळूच.
दुपारी पंखा घरघरायला लागतो
आणि आकडा ब्याण्णव टक्क्यांच्या खाली यायला तयार नसतो.

दुरुस्तीला येणारा फिलिपिनो पोरगा, जेरिक,
स्क्रू दातात धरून सांगत होता:
मशीन प्रत्येक प्रोग्रामला म्हणतं, अख्खं घर तुझंच,
पहिल्या खोलीपासून शेवटच्या खोलीपर्यंत.
खरी जागा एवढीशी.
ज्याची पाळी त्याला आत घेतं,
बाकीच्यांचं सामान उचलून डिस्कवर नेऊन टाकतं.
ज्याला फार वेळ कुणी हात लावला नाही
तो आधी बाहेर.
आणि कुणाला पत्ता लागू देत नाही.
मी हसलो. जोक नाही, तो म्हणाला.
माहीत आहे, म्हटलं. मी अल घुवैरला राहतो.

सहा खाटा, अकरा माणसं.
रात्री दहा ते सकाळी सात खाट माझी.
सातला लियाकत हमदुले बेकरीतून येतो,
भुवयांवर मैदा,
उशी उलटी करतो आणि पडतो.
दोघांच्या बॅगा खाटेखाली, एकमेकींना टेकून.
त्याचा झोपलेला चेहरा मी एकदाच पाहिलाय,
ईदच्या सुटीत, जमिनीवर.
आईशी बोलताना मी फोन असा धरतो
की मागे नुसती खिडकी दिसते.
ती शेजारी सांगते, खोली मोठी आहे, उजेड छान येतो.

पोचीराम बोईनवाड. शटरिंग कार्पेंटर, नांदेडकडचा.
मराठी बोलायला मिळतं म्हणून माझ्याच खुर्चीसमोर बसतो.
मंगळवारी त्याचा फॉर्म भरत आणला होता,
अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं, इथपर्यंत.
सावित्रा, तो म्हणाला. बायको.
नंबर पाठ होता, दम न घेता सांगितला.
मग ओटीपी येईना. तो बाहेर रेंज शोधायला गेला,
मी दुसऱ्या कुणाचा पासपोर्ट स्कॅन करायला घेतला,
आणि परत आलो तर टॅब झोपलेला.
वर नाव तेच, चिन्ह तेच.
क्लिक केलं,
पान पांढरं झालं, फिरलं, पुन्हा आलं.
सगळे रकाने कोरे.

माफ करा मामा, मशीन जुनं आहे.
तो काही बोलला नाही. पहिल्यापासून सांगू लागला:
नाव, बापाचं नाव, जन्मगाव,
ब्लड ग्रुप, तो पुन्हा कार्डावर बघून.
शेवटच्या रकान्याशी थांबला.
बाहेर टपरीवाला ग्लास विसळत होता.
भावाचं टाक, म्हणाला. गंगाधर.
मी वर पाहिलं नाही. कीबोर्ड बघत टाइप केलं
आणि सबमिट दाबलं.

रात्री शटर ओढण्याआधी मी मशीन बंद करतो,
चारच्या चार जीबी मोकळे.
सकाळी ब्राउजर विचारेल, मागची पानं उघडू का?
नको म्हणायची मला सवय झालीय.
पण तो पहिला नंबर,
ज्याला आता कुणीच हात लावणार नाही,
तो दहाच्या दहा आकड्यांनिशी बसलाय माझ्यात,
उठत नाही.

दहा वाजता खोलीत येतो.
उशी उलटी करतो.
थोडा मैदा झटकतो.